प्रश्न विचारण्याचा हक्क : आणीबाणीतील तीन अध्यापक-लोकप्रतिनिधी

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याला सत्तेशी झालेल्या संघर्षाची जुनी स्मृती आहे. चिंचवडच्या चापेकर बंधूंना १८९८-९९ मध्ये येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्या तालुक्याचे मुख्य गाव आज हुतात्मा राजगुरूंच्या नावाने ओळखले जाते. ही स्मृती हौतात्म्याची आहे. तिचे स्मारक उभारता येते, तिची जयंती साजरी करता येते. परंतु सत्तेला विरोध करण्याची आणखी एक, तुलनेने अबोल अशी परंपरा याच परिसरात नांदली. ती वर्गात शिकवणाऱ्या, पुढे विधिमंडळात किंवा संसदेत गेलेल्या आणि प्रसंगी तुरुंगवास पत्करणाऱ्या अध्यापकांची परंपरा होय. तिची नोंद आपल्या स्थानिक इतिहासलेखनात अभावानेच आढळते.

प्रस्तुत लेखात २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीच्या कालखंडातील तीन मराठी अध्यापक-लोकप्रतिनिधींचा विचार केला आहे. पुणे पदवीधर मतदारसंघाचे विधान परिषदेतील प्रतिनिधी प्रा. ग. प्र. प्रधान, राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते आणि अहमदाबादचे अपक्ष खासदार प्रा. पुरुषोत्तम मावळंकर हे ते तिघे. पहिल्याने इंग्रजी साहित्य शिकवले, दुसऱ्याने पदार्थविज्ञान, तिसऱ्याने राज्यशास्त्र. हुकूमशाही वळणाच्या सत्तेला विरोध करताना त्यांचा अध्यापनाचा पिंड कोणत्या रूपाने प्रकट झाला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. तिघांची चरित्रे सांगणे हा येथे उद्देश नाही. त्यांच्या राजकीय वर्तनातील एक समान सूत्र शोधणे एवढीच लेखाची मर्यादा आहे.

आणीबाणी आणि प्रश्नबंदी

आणीबाणीचे वर्णन करताना अटकसत्र, वृत्तपत्रांवरील नियंत्रण आणि सक्तीची नसबंदी या गोष्टींचा उल्लेख सहसा होतो. तथापि त्या काळातील कायदेशीर तरतुदी एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्यांच्या मुळाशी असलेले एक समान तत्त्व ध्यानात येते. शासनाला कारण विचारण्याची प्रत्येक अधिकृत जागा एकामागून एक बंद करण्यात आली होती.

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेतील अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग स्थगित झाला. २९ जून रोजी काढलेल्या अध्यादेशाने अंतर्गत सुरक्षा कायद्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘मिसा’त, नवे कलम १६-अ घालण्यात आले. त्यामुळे स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला तिच्या अटकेची कारणे कळवण्याचे बंधन शासनावर उरले नाही. जुलै १९७५ मध्ये संसदेचे अधिवेशन भरले, पण त्यात प्रश्नोत्तरांचा तास आणि खासगी सदस्यांचे कामकाज स्थगित ठेवण्यात आले. डिसेंबर १९७५ मध्ये संसदीय कामकाजाच्या प्रामाणिक वृत्तांताला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा अध्यादेशाद्वारे रद्द झाला. पुढे २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जबलपूर खटल्या’त चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला, की आणीबाणीच्या काळात स्थानबद्धाला आपल्या अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज करता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी तेवढा विरोधी निकाल लिहिला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरवला.

म्हणजे स्थानबद्धाने शासनाला विचारावयाचे नाही, सदस्याने मंत्र्याला विचारावयाचे नाही, वार्ताहराने सभागृहातील प्रश्न छापावयाचा नाही आणि न्यायाधीशाने कारागृहाच्या अधिकाऱ्याला विचारावयाचे नाही. शाह आयोगाच्या नोंदीनुसार या काळात देशभरात मिसाखाली सुमारे ३५ हजार व्यक्ती स्थानबद्ध झाल्या. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत ‘का?’ हा प्रश्न अनुत्तरित ठेवण्याची सोय कायद्यानेच केली होती. ज्यांचा व्यवसायच प्रश्न विचारण्याचा आणि विचारू देण्याचा, त्या अध्यापकवर्गाशी या व्यवस्थेचा विरोध म्हणूनच मूलभूत होता.

औद्योगिक पट्टा आणि पदवीधर मतदार

या घडामोडींकडे पिंपरी-चिंचवडहून पाहताना येथील त्या वेळची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक ठरते. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील प्रकल्प पिंपरीस स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. आणीबाणी आली तेव्हा हे शहर घडत होते. चाकणचा औद्योगिक विस्तार त्यानंतरचा, मुख्यतः १९९० च्या दशकापासूनचा आहे.

कामगारवस्तीला आणीबाणीचा अनुभव मुख्यतः पगाराच्या पाकिटातून आला. सप्टेंबर १९७५ च्या अध्यादेशाने किमान बोनसचे प्रमाण ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणले गेले. दुसऱ्या बाजूने, १९७६ च्या दुरुस्तीने तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कामगारकपातीपूर्वी शासनाची परवानगी आवश्यक ठरली, हेही नमूद केले पाहिजे. राजवट कामगारांना काही देत होती आणि काही काढून घेत होती. मात्र देणे-घेणे दोन्ही बाबतींत कामगाराला विचारण्याची पद्धत नव्हती. बोनस का घटला, हे सभेत, मोर्चात वा वृत्तपत्रात मोकळेपणाने विचारण्याची वाट बंद होती.

याच परिसरातील सुशिक्षितांचा विधिमंडळाशी एक वेगळा दुवा होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेतील एक-द्वादशांश सदस्य पदवीधरांकडून आणि तेवढेच शिक्षकांकडून निवडले जातात. पुणे पदवीधर मतदारसंघ हा त्यांपैकी एक. कारखान्यातील अभियंता, शाळेतील शिक्षक, बँकेतील अधिकारी, वकील असे मतदार या व्यवस्थेत एकत्र येतात. १९६६ ते १९८४ अशी अठरा वर्षे या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व प्रा. ग. प्र. प्रधान यांनी केले. आपल्या पट्ट्यातील पदवीधरांचा एक प्रतिनिधी आणीबाणीत कारागृहात होता, ही गोष्ट आज येथे फारशी कोणास आठवत नाही.

प्रा. ग. प्र. प्रधान : संवादाची शिस्त

गणेश प्रभाकर प्रधान यांचा जन्म १९२२ चा. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी सुमारे वीस वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळ यांच्याशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. अ. के. भागवत यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले लोकमान्य टिळकांचे इंग्रजी चरित्र १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजवादी कार्यकर्त्याने टिळकांचे चरित्र साक्षेपाने लिहावे, यातच त्यांच्या वृत्तीचा एक विशेष दिसतो : जे आपल्या मताचे नाहीत, त्यांनाही आधी नीट समजून घ्यावे.

आणीबाणीत प्रधान यांना मिसाखाली येरवड्यात स्थानबद्ध करण्यात आले. ज्या कारागृहाशी त्यांच्या तरुणपणीच्या आंदोलनाची आठवण जोडलेली होती, तेथेच स्वतंत्र भारताच्या शासनाने त्यांना पाठवले. या वेळी येरवड्यात समाजवाद्यांसमवेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्तेही मोठ्या संख्येने होते. संघाचे तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस हेही तेथेच होते. बाहेर ज्यांनी परस्परांच्या व्यासपीठावर पाऊल ठेवले नसते, ते एका भिंतीआड आले. या सक्तीच्या सहवासाचे पुढे राजकीय परिणाम झाले. जनता पक्षाची स्थापना आणि नंतर त्याची फूट, या दोहोंची बीजे अशा सहवासात होती. प्रधानांनी मात्र त्यातून उद्‌भवणाऱ्या वैचारिक प्रश्नांकडे अध्यापकाच्या नजरेने पाहिले, असे त्यांच्या पुढील लेखनावरून म्हणता येते.

१९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘साता उत्तराची कहाणी’ हे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. निरनिराळ्या राजकीय विचारसरणींची बाजू घेणारी सात पात्रे त्यांनी त्यात उभी केली आणि प्रत्येकाला आपापली भूमिका पूर्ण ताकदीने मांडू दिली. लेखक स्वतः समाजवादी असूनही अन्य विचारांच्या पात्रांना त्याने दुबळे केले नाही. वर्गात एखाद्या कवितेचे दोन परस्परविरोधी अन्वयार्थ समोर ठेवून विद्यार्थ्याला निवड करू देणाऱ्या शिक्षकाची ही रीत आहे. ‘एकच आवाज’ हे ज्या राजवटीचे तत्त्व होते, तिचा अनुभव घेतल्यानंतर चार वर्षांतच सात आवाजांचे पुस्तक यावे, हा त्या अनुभवाला दिलेला एक समर्पक प्रतिसाद म्हणावा लागेल. १९८० ते १९८२ या काळात प्रधान विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रा. मधु दंडवते : पुराव्याचा आग्रह

अहमदनगर येथे १९२४ मध्ये जन्मलेले मधु दंडवते हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ते सहभागी होते. बॅ. नाथ पै यांच्या जानेवारी १९७१ मधील निधनानंतर त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले आणि सलग पाच वेळा त्यांनी त्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा पक्षांतरबंदीच्या विधेयकासंबंधीच्या संसदीय समितीच्या कामासाठी दंडवते बंगळूरला होते. २६ जून १९७५ रोजी तेथेच अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासमवेत त्यांना अटक झाली. लोकप्रतिनिधीने आपल्या मतदारांशी प्रामाणिक राहावे यासाठी कायदा करू पाहणाऱ्या समितीच्या कामास आलेले सदस्यच मतदारांपासून तोडले गेले, हा विरोधाभास बोलका आहे. या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिले. अर्ज ऐकून घेण्याचा आपला अधिकार त्या न्यायालयाने मान्य केला. ज्या उच्च न्यायालयांच्या अशा भूमिकेविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत कर्नाटकचाही समावेश होता. त्यांची पत्नी प्रमिला दंडवते त्याच काळात येरवडा कारागृहात होत्या. पती दक्षिणेत, पत्नी पुण्यात, आणि दोघांमध्ये तपासून जाणाऱ्या पत्रांचाच काय तो आधार होता.

भौतिकशास्त्रात एखादे विधान सत्य मानावयाचे तर त्यामागे निरीक्षण आणि पुरावा असावा लागतो. अधिकाऱ्याचे मत हा पुरावा नव्हे. मिसाच्या कलम १६-अ ने नेमकी उलट व्यवस्था केली. ‘अधिकाऱ्याचे समाधान झाले’ एवढेच पुरेसे ठरले आणि त्या समाधानाचा आधार गोपनीय राहिला. न्यायालयात आव्हान देण्याची कृती ही म्हणून केवळ सुटकेची खटपट नव्हती. पुरावा मागण्याचा तो आग्रह होता.

सत्ता हाती आल्यावर हा आग्रह टिकतो का, ही खरी कसोटी असते. मार्च १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. मे १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळीवर गादी बसवण्याचा निर्णयही त्यांच्याच कारकिर्दीतील. प्रवाशाला त्रास होतो हे सर्वांना ठाऊक होते. तो त्रास अटळ का मानावा, हा प्रश्न विचारणारा मंत्री हवा होता. पुणे-लोणावळा लोकलसेवा १९७८ मध्ये, म्हणजे ते रेल्वेमंत्री असतानाच सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या फलाटांवर आजही कामगार आणि विद्यार्थी त्याच लोकलची वाट पाहतात. २००५ मध्ये दंडवते यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.

प्रा. पुरुषोत्तम मावळंकर : सभागृहातील एकटेपण

तिसरे उदाहरण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबातील आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचे पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हे अहमदाबादेत राज्यशास्त्राचे अध्यापक होते. ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्की यांच्या नावाने त्यांनी तेथे एक अभ्याससंस्था स्थापन केली. १९७२ च्या पोटनिवडणुकीत ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

आणीबाणीत मावळंकर बाहेर राहिले. प्रधान आणि दंडवते यांना कारागृहाने बोलण्याची जागा नाकारली. मावळंकरांना जागा होती, पण श्रोता नव्हता. विरोधी बाकांवरचे अनेक प्रमुख सदस्य तुरुंगात होते, प्रश्नोत्तरांचा तास नव्हता आणि सभागृहात उच्चारलेले शब्द वृत्तपत्रात उमटतील याची शाश्वती नव्हती. लोकसभेची मुदत संपल्यावर ती वर्षावर्षाने वाढवण्यात येत होती. अशा सभागृहात उभे राहून त्यांनी आणीबाणीविरुद्ध भाषणे केली. पुढे ती ‘नो, सर’ या शीर्षकाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वडील ज्या आसनावर बसून सदस्यांच्या प्रश्न विचारण्याच्या हक्काचे रक्षण करत, त्याच आसनाला उद्देशून मुलाने तो नकार नोंदवला.

बहुमत ठरलेले असताना, वृत्तान्त छापला जाणार नसताना, केलेल्या भाषणाचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. याचे उत्तर अध्यापकाला ठाऊक असते. वर्गातील प्रत्येक शब्द लगेच फळाला येत नाही; तो नोंदीत राहतो आणि ज्याला गरज पडेल त्याला पुढे सापडतो. कार्यवृत्तात राहिलेली ती भाषणे आज संशोधकाला उपलब्ध आहेत. विरोध झालाच नव्हता, असे कोणाला म्हणता येऊ नये, एवढे त्यांनी निश्चितच साधले.

तुलना आणि मर्यादा

या तिघांच्या विरोधाची रूपे वेगवेगळी आहेत. प्रधानांनी संवाद जपला, दंडवत्यांनी पुरावा मागितला, मावळंकरांनी नोंद ठेवली. संवाद, पुरावा आणि नोंद ही तिन्ही अध्यापनाची दैनंदिन साधने आहेत.

तथापि यावरून अध्यापक असणे हीच लोकशाहीनिष्ठेची हमी होय, असा निष्कर्ष काढता येणार नाही. आणीबाणीच्या काळात केंद्रीय शिक्षण खाते सांभाळणारे नुरुल हसन हे स्वतः ख्यातनाम इतिहासकार आणि प्राध्यापक होते. विद्वत्ता सत्तेच्या दोन्ही बाजूंना आढळते. मराठी साहित्यविश्वातही तसेच घडले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी जाहीर प्रार्थना केली आणि पुढे त्यांना कारावास घडला. पण त्याच काळात मौन पाळणारे साहित्यिकही कमी नव्हते.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. पदवीधर मतदारसंघ ही मूलतः अल्पसंख्य सुशिक्षितांची सोय आहे. १९७५ मध्ये पदवी ज्यांच्या आवाक्यात होती, त्यांत दलित, ग्रामीण आणि स्त्री मतदारांचे प्रमाण स्वाभाविकच अल्प होते. ज्या अनामिक कामगारांनी आणि खेड्यांतील कार्यकर्त्यांनी तुरुंगवास पत्करला, त्यांच्या वाट्याला ना चरित्र आले ना भाषणसंग्रह. आपल्या पट्ट्यातील अशा व्यक्तींच्या मौखिक आठवणी त्यांच्या हयातीत नोंदवणे, हे स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे तातडीचे काम आहे. त्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत.

समारोप

१९७७ नंतर बंद झालेल्या जागा पुन्हा उघडल्या. संसदीय वृत्तान्ताला संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी पुन्हा झाला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याला राज्यघटनेतही स्थान दिले. याच दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ या संदिग्ध कारणाऐवजी ‘सशस्त्र बंड’ हा शब्दप्रयोग आणला आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तरतूद केली. किमान बोनसही पूर्वीच्या प्रमाणावर आला. ज्या सत्तेने ‘का?’ हा प्रश्न मोडीत काढला होता, तिच्या पराभवानंतर तो प्रश्न कायद्यात परत लिहिला गेला.

कायद्यात लिहिलेला प्रश्न विचारणारा मात्र प्रत्येक पिढीत नव्याने घडवावा लागतो. पदवीधर मतदारसंघाची यादीही दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागील वेळी नाव होते म्हणून या वेळी ते आपोआप येत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आज पदवीधरांची संख्या १९७५ च्या मानाने कितीतरी पटींनी वाढली आहे. त्यांपैकी किती जण यादीत नाव नोंदवतात आणि किती जण आपल्या प्रतिनिधीला प्रश्न विचारतात, हा संख्याशास्त्रीय अभ्यासाचा विषय होईल. परंतु त्यापूर्वीचा प्रश्न आपल्या वर्गाचा आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत ठरलेले उत्तर उतरवून घेणारा विद्यार्थी आणि ‘सर, हे असेच का?’ असे विचारणारा विद्यार्थी, यांपैकी आपण कोणाला अधिक गुण देतो? प्रधान, दंडवते आणि मावळंकर यांच्या विरोधाची सुरुवात तुरुंगाच्या दारात झाली नव्हती. ती कितीतरी वर्षे आधी, अशाच एका वर्गात, अशा विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तरापासून झाली होती.